यंत्रयुगांत कर्ता कोण ?

हातानें केलेली वस्तु आणि यंत्रानें केलेली वस्तु यांतील भेद आपल्या समाजांत फार दिवसांपासून नैतिक भेद म्हणून वावरत आला आहे. हातमागाच्या लुगड्यास आपण अधिक दाम देतों तें केवळ त्याच्या टिकाऊपणासाठीं नव्हे; कोणा मनुष्याच्या आयुष्यांतील कांहीं दिवस त्या वस्त्रांत विणले गेले आहेत, ही जाणीव त्या दामांत असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कारागिरीची अशी एक रीति रूढ झाली आहे कीं, तिच्यापुढें हा जुना भेद लटका पडूं लागला आहे. संगणकावर आकृति काढावी. लेसरच्या किरणानें किंवा संगणकाच्या आज्ञेनें फिरणाऱ्या कटरनें ती लांकडांत वा पत्र्यांत उतरवावी. त्रिमिति-मुद्रणाच्या यंत्रावर थरावर थर चढवून एखादा भाग घडवावा. आणि मग कानस, पॉलिशपेपर, डिंक व कुंचला घेऊन उरलेलें काम हातानें पुरें करावें, अशी ही रीति आहे. अशा वस्तूचा कर्ता कोण ? आकृति काढणारा, यंत्र चालविणारा, कीं कानस फिरविणारा ? आणि कर्ता ठरल्यावर श्रेय, मोल व दोष यांची वांटणी कशी करावी ? प्रश्न नव्या यंत्रांनीं उभा केला असला, तरी तो मूलतः न्यायाचा आहे, आणि म्हणून येथें त्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, गणित व हात यांचा हा संयोग आजचा नाहीं. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या योगानें मागाचे धागे उचलण्याची युक्ति फ्रान्समध्यें जॅकार यानें १८०४ च्या सुमारास सिद्धीस नेली. पुढें चार्लस बॅबेज यानें आपल्या गणितयंत्रासाठीं तेच पुठ्ठे उसने घेतले. आणि माग फुलें-पानें विणतो तसें हें यंत्र बीजगणिताच्या आकृति विणील, असा विचार एडा लव्हलेस या विदुषीनें १८४३ मध्यें मांडला. तात्पर्य, संगणकाचें आजोळ विणकराच्या घरीं आहे. आपल्याकडेहि येवल्याचा विणकर पैठणीचा पदर विणतांना ताण्याचे धागे मोजूनच रंगीत रेशमाची कांडी फिरवतो. मोर किंवा कमळ त्याच्या बोटांत उतरण्यापूर्वीं मोजणी होऊन त्याच्या मनांत बसलेलें असतें. हिशेब आला म्हणजे कला गेली, असें म्हणणाऱ्यानें आधीं पैठणीस नांव ठेवावें !

साच्याचीहि गोष्ट अशीच. नवी मुंबईच्या शेजारचें पेण हें गांव गणेशमूर्तींसाठीं सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. तेथील मूर्ति बहुधा साच्यांतून निघतात. एका साच्यांतून शेंकडों मूर्ति एकाच वळणाच्या तयार होतात. साचा हें एक यंत्रच नव्हे काय ? तथापि ती मूर्ति हातची नव्हे, असें कोणी म्हणत नाहीं. कारण साच्यांतून बाहेर आलेल्या मातीला देवाचें रूप देणारी आखणी, विशेषतः डोळ्यांची आखणी, निष्णात कारागिराच्या कुंचल्यावाचून होत नाहीं. त्याच त्याच श्रमाचा भाग साच्याकडे आणि निवाड्याचा भाग हाताकडे, अशी ही वांटणी आहे. आणि ती वांटणी मूर्तिकारानें स्वतः केलेली आहे, हें तींतील मर्म होय.

मग संगणकानें नवें असें काय केलें ? आमच्या मतें त्यानें आकाराची आणि आकार देणाऱ्याची ताटातूट सोपी केली. पूर्वीं साचा करावयाचा तर मूळ मूर्ति हातीं असावी लागे, आणि बहुधा ती करणाराहि जवळ असे. आज एखाद्या वृद्ध मूर्तिकाराची मूर्ति चहूं बाजूंनीं टिपून तिचें आंकड्यांत रूपांतर करणें साध्या साधनांनीं शक्य झालें आहे. त्या आंकड्यांवरून तुर्भे किंवा रबाळे येथील एखाद्या कारखान्यांत रातोरात साचा कापतां येईल, आणि चाळीस वर्षांच्या साधनेनें त्या हाताला आलेलें वळण दुसऱ्याच्या मालकीचें होऊन बसेल. चोरी झाली म्हणावें, तर मूर्ति जागच्या जागीं आहे. चोरी नाहीं म्हणावें, तर मूर्तिकाराचें गिऱ्हाईक गेलें आहे. दुसरी हानि उलट बाजूची आहे. ज्यानें केवळ पडद्यावर आकृति काढल्या, त्याला सागाची फळी कोणत्या अंगानें चिरते, हें कधींच कळत नाहीं. यंत्र त्याची चूकहि तितक्याच निष्ठेनें कापून देतें. एकाकडून हात हिरावला जातो, दुसऱ्याकडे तो येतच नाहीं.

या दोन्ही हानि टाळण्याचें माप कोणतें ? तें आपल्याच इतिहासांत सांपडण्यासारखें आहे. गांधीजींच्या प्रेरणेनें चरखा संघानें १९२९ मध्यें उत्तम चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें पारितोषिक जाहीर केलें. यंत्राचे कट्टर वैरी म्हणून ज्यांची ख्याति, त्यांनींच यंत्रासाठीं बक्षीस लावावें, हें वरवर पाहतां चमत्कारिक वाटतें. परंतु त्याच्या अटी वाचल्या म्हणजे विरोध नाहींसा होतो. चरखा हलका असावा, खेड्यांतील झोंपडींत हातानें वा पायानें चालवितां यावा, त्याची किंमत दीडशें रुपयांपलीकडे जाऊं नये, आणि तो बिघडल्यास त्याची दुरुस्ती सहज व्हावी, असा त्या अटींचा रोख होता. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतहि असा चरखा घडविण्याचा प्रयत्न झाला. पारितोषिक कोणासहि मिळालें नाहीं. पण अटी मात्र अमोल ठरल्या. यंत्र चांगलें कीं वाईट हें त्याच्या दांत्यांवरून ठरत नाहीं. तें कोणाच्या घरांत राहतें आणि कोणास दुरुस्त करतां येतें, यावरून ठरतें.

हें माप लावून पाहिलें असतां पुणें जिल्ह्यांतील पाबळच्या विज्ञान आश्रमाचें महत्त्व ध्यानांत येतें. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मुंबईंतील संशोधकाची नोकरी सोडून १९८३ मध्यें त्या अवर्षणग्रस्त खेड्यांत हा आश्रम काढला. शाळेंतून गळालेल्या मुलांनीं वेल्डिंग, सुतारकाम, विजेचें काम, शेती हीं कामें करतां करतांच विज्ञान शिकावें, हें त्यांचें सूत्र. १९३७ मध्यें वर्ध्यास मांडल्या गेलेल्या ‘नयी तालीम’च्या कल्पनेशीं त्याचें नातें उघड आहे. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठांत प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनीं, जवळजवळ कोणतीहि वस्तु कशी घडवावी, हें शिकविणारा वर्ग १९९८ मध्यें सुरू केला, आणि त्यांतून ‘फॅब लॅब’ नांवाच्या छोट्या कार्यशाळांची कल्पना निघाली. अशी कार्यशाळा अमेरिकेबाहेर जेथें सर्वांत आधीं पोंचली, त्या थोड्या ठिकाणांत पाबळ होतें. दुधाची प्रत कशी पारखावी, डिझेल इंजिनाची जुळणी कशी करावी, असे गांवचे प्रश्न तेथें हातीं घेण्यांत आले. कलबाग २००३ मध्यें निवर्तले. वेल्डिंग करणाऱ्या मुलासच संगणकापुढें बसविलें, हें त्या प्रयोगाचें सार होय. तेथें आकृति काढणारा व कानस फिरविणारा यांची ताटातूट होऊंच दिली गेली नाहीं.

आतां नवी मुंबईकडे वळूं. कारण आराखडा आणि हात यांचा झगडा या शहराइतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचित्‌च दिसतो. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाली आणि पंच्याण्णव गांवांच्या जमिनीवर नवें नगर रेखाटलें गेलें. भातशेती, मिठागरें व खाडीची मासेमारी यांवर ज्या आगरी-कोळी समाजाचे हात चालत होते, त्या हातांना कागदावर जागा नव्हती. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले, तेव्हां आराखड्याला माणसें दिसलीं. पुढें विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वांटा त्यांस देण्याचें तत्त्व मान्य झालें. परंतु त्याच नगरांत बेलापूरच्या आठव्या विभागांत चार्लस कोरिया यांनीं याच दशकांत वेगळा धडा घातला. पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे लहान भूखंड, सामायिक अंगणाभोंवतीं सात सात घरें, आणि शेजाऱ्याशीं भिंत सामायिक नाहीं. हेतु हा कीं, प्रत्येक कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें घर वाढवावें, आणि तें साध्या गवंड्याच्या हातून व्हावें. पुढें लोकांनीं तीं घरें इतकीं बदललीं कीं, कित्येक मूळचीं ओळखूंहि येत नाहींत. कोणी याला आराखड्याचा पराभव म्हणतात. आम्हांस तो त्याचा विजय वाटतो. कारण आराखडा अपुरा ठेवून राहणाऱ्याच्या हातास वाव देणें हेंच त्या रचनाकाराचें उद्दिष्ट होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सारी भावुकता आहे. अडचणीच्या वेळीं जगाला वेग लागतो, हातवळण नव्हे. हा आक्षेप खोटा नाहीं. २०२० च्या साथींत रुग्णालयांस मुखकवचें मिळेनात, तेव्हां मुंबईच्या ‘मेकर्स असायलम’मधील मंडळींनीं लेसरनें कापून हातानें जोडतां येईल असें मुखकवच तयार केलें, आणि एकूणपन्नास दिवसांत बेचाळीस गांवा-शहरांतून मिळून दहा लक्ष कवचें तयार झालीं. वेगाचा हा विजय खराच. पण तो एका प्रचंड कारखान्याचा नव्हे. आकृति सर्वांस खुली केली, आणि ज्यानें त्यानें आपल्या गांवीं, आपल्या जवळच्या सामानानें ती घडविली. आकृति देणाऱ्यानें तेथें आपण होऊन दिली होती. मूर्तिकाराकडून ती न विचारतां घेतली जाते. दोन्हीकडे यंत्र एकच, पण एक दान आहे आणि दुसरें हरण.

म्हणून आरंभींच्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे कीं, ज्याचा निवाडा वस्तूंत उतरला तो तो तिचा कर्ता. मग तो निवाडा पडद्यावर झालेला असो, यंत्रापाशीं असो, वा कानशीच्या टोंकाशीं असो. यांतून तीन कर्तव्यें निघतात. ज्याच्या हाताचें वळण घेतलें, त्याची संमति घ्यावी व त्याचें नांव सांगावें; त्या वळणावर पैसा मिळाला, तर त्याचा वांटा त्यास द्यावा; आणि जो यंत्रापाशीं उभा आहे, त्यास आकृति बदलण्याची व यंत्र उघडण्याची मोकळीक असावी. पहिलें कर्तव्य पाळण्यास खर्च लागत नाहीं, दुसऱ्यास थोडा लागतो, तिसऱ्यास मात्र शिक्षणाची सगळी पद्धति बदलावी लागेल. तें काम पाबळसारख्या खेड्यानें चाळीस वर्षांपूर्वीं हातीं घेतलें. कारखाने, महाविद्यालयें व संगणकाच्या कचेऱ्या ज्या नगरांत शेजारीं शेजारीं उभ्या आहेत, त्यानें तें अवघड म्हणून टाळावें, हें शोभणारें नाहीं.