बरे झाले, असे कसे म्हणू?

दिवाळीच्या सुटीत नातवंडे पालीला आली की त्यांचे पहिले दोन दिवस अंगणातल्या किल्ल्यात जातात. यंदाही विटांचे तुकडे, जुने गोणपाट आणि परसातली माती घेऊन त्यांनी समोर दिसणाऱ्या सरसगडाची आपल्या परीने प्रतिकृती उभी केली. कातळात खोदलेल्या पायऱ्या झाल्या, उतारावर अळीव पेरून झाले, मावळे जागोजाग पहाऱ्याला उभे राहिले, महाराज सिंहासनावर बसले. मग आमच्या आठ वर्षांच्या नातवाने खिशातून एक हिरवा रबरी डायनॉसॉर काढला आणि तो थेट बालेकिल्ल्यावर नेऊन ठेवला. तो महाराजांहून दुप्पट उंच होता.

नात बारा वर्षांची. तिला इतिहासाची चाड आहे. ती माझ्याकडे फिर्याद घेऊन आली. ‘‘आजोबा, याला सांगा ना. महाराजांच्या वेळी डायनॉसॉर नव्हते.’’

‘‘पण गडाचा दगड तर त्यांच्याच वेळचा आहे ना? आजोबांनीच सांगितलं होतं,’’ प्रतिवादी म्हणाला.

सांगितले होते खरे. चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यावर माणसाला दगडाकडे नुसते पाहता येत नाही, काहीतरी सांगावेच लागते. मी मुकाट्याने दोघांत तडजोड करू लागलो, तेवढ्यात त्याने दुसराच प्रश्न टाकला. ‘‘ते मेले म्हणून आपण आलो, हो ना आजोबा? मग ते मेले ते बरंच झालं ना?’’

माहिती विचारणाऱ्या प्रश्नांना मी कधी भ्यालो नाही. हा प्रश्न माहितीचा नव्हता. मी त्याला सुतळ आणायला आत पाठवले आणि वेळ मारून नेली.

मुलगा चुकत नव्हता. ज्या काळवत्री दगडाने सरसगड उभा आहे आणि ज्याचे पाटे-वरवंटे घरोघरी आहेत, तो दगड म्हणजे कोणे एके काळी उतू गेलेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दक्षिणेची ही भूमी एखाद्या बेटासारखी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होती, आणि त्या प्रवासातच तिला भेगा पडून थरांवर थर लाव्हा वाहिला. त्यातला मोठा भाग साताआठ लाख वर्षांत बाहेर पडला. आजही पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली झाकलेला आहे. ज्याला आपण अभिमानाने सह्याद्री म्हणतो तो या आगीचा गोठलेला ढीग. आणि डायनॉसॉर संपले ते याच सुमारास.

सह्याद्रीनेच त्यांना मारले काय? हा खटला अजून पुरता निकालात निघालेला नाही. 1980 साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे मांडले की, आकाशातून एक प्रचंड अशनी येऊन आदळला आणि सगळा अनर्थ झाला. पुढे मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याशी सुमारे 180 किलोमीटर रुंदीचे विवर ओळखले गेले, आणि आज बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष त्या अशनीलाच देतात. आमच्या लाव्हाने हवेत वायू सोडून सृष्टीला आधीच जेरीस आणले होते की नाही, यावर वाद चालू आहे. म्हणजे सह्याद्री आरोपी आहे, साथीदार आहे की नुसता साक्षीदार, हे ठरायचे आहे. तोवर आम्ही त्याच्या पायथ्याशी भात पिकवतो.

भाताचा उल्लेख मी उगाच केला नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतांत लाव्हाच्या आधीच्या काळातली डायनॉसॉरची हाडे सापडतात, आणि त्याहून मौजेची गोष्ट म्हणजे दगड झालेले शेण सापडते. 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणातले सूक्ष्म कण तपासले, तेव्हा त्यात गवताच्या खुणा मिळाल्या. तोवर असे समजत की डायनॉसॉरच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच. पुढच्या अभ्यासात त्यांतले काही गवत भाताच्या कुळातले निघाले! दिवाळीच्या पहाटे आपण ज्या पोह्यांवर ताव मारतो त्यांच्या दूरच्या पूर्वजांवर विदर्भात कोणी आधीच पंगत उठवली होती, हे कळल्यापासून मला त्या प्राण्यांविषयी एक प्रकारची भाऊबंदकी वाटू लागली आहे.

भाऊबंदकी म्हटली की वाटणीही आलीच. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जी तळी साचली त्यांच्या गाळात हैदराबादेजवळ नास्कल येथे चिचुंद्रीएवढ्या एका सस्तन प्राण्याचे दात मिळाले. 1988 साली त्याचे नामकरण झाले, ‘डेक्कनोलेस्टिस’. अर्थ सांगायचा तर दख्खनचा लुटारू. नाव देणाऱ्यांच्या मनात काही वाकडे नसणार. शास्त्रात अशी नावे सर्रास देतात. पण मला ते नाव टोचते. महाकाय धन्यांच्या पायाखाली, रात्रीच्या अंधारात किडे टिपत जगणारे असले चिमुकले जीव. धनी गेले आणि सारा वाडा त्यांच्या गोतावळ्याच्या हाती आला. आपण त्या गोतावळ्यातले. आपण काही लुटले नाही. दार उघडे सापडले, एवढेच. तरीही वाडा दुसऱ्याचा होता.

इतक्या लांबच्या मृत्यूंबद्दल मन जड करून घेणे हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. वाघ हरणाला खातो तेव्हा न्यायअन्याय कुठे असतो? हे मला मान्य आहे. गुजरातेत ढोली डुंगरी येथे धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात डायनॉसॉरच्या अंड्यांचे एक घरटे मिळाले. त्यात अंड्यांसोबत नुकत्याच जन्मलेल्या पिलाची हाडे होती. पुढे 2001 साली जेफ्री विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की त्यातली काही हाडे पिलाची नसून सापाची आहेत. साडेतीन मीटर लांबीचा साप फुटक्या अंड्याला वेटोळे घालून बसला होता. पिलू अर्ध्या मीटरचे. एवढ्यात चिखलाचा लोंढा आला आणि खाणारा व खाद्य दोघांनाही त्याने त्याच स्थितीत पुरून टाकले. त्या सापाला कोणी पापी म्हणणार नाही, आणि पिलाला कोणी दुबळेपणाची शिक्षा झाली असेही म्हणणार नाही. नीतीचा प्रश्न त्यांच्या बाजूला नाहीच. तो आपल्या बाजूला आहे. झाल्या गोष्टीविषयी आपण काय बोलतो, हा तो प्रश्न.

आणि आपण फार वाईट बोलतो. एखादा माणूस कालबाह्य झाला की त्याला डायनॉसॉर म्हणून हिणवतो. निवृत्तीच्या सुमारास माझ्याविषयीही एका तरुण सहकाऱ्याने हा शब्द वापरल्याचे माझ्या कानी आले होते. मी रागावलो नाही, हिशेब केला. डायनॉसॉर सुमारे सोळा कोटी वर्षे नांदले. आपल्या जातीला अजून तीन-चार लाख वर्षे होत आहेत. रबरी खेळण्यातला टायरॅनोसॉरस आणि पाठीवर तक्ते मिरवणारा स्टेगोसॉरस एकाच डब्यात विकतात, पण त्या दोघांत जेवढा काळ गेला त्याहून कमी काळ टायरॅनोसॉरस आणि आपण यांत गेला आहे. (हिंदुस्थानात टायरॅनोसॉरस नव्हताच. इथे नर्मदाकाठचा राजासॉरस होता. 2003 साली त्याला ते नाव मिळाले. त्याचे खेळणे मात्र आमच्या नातवाकडे नाही.) असल्या दीर्घायुषी घराण्याला नालायक म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कथा-कादंबऱ्या आणि चित्रपट यांचेही तेच. कॉनन डॉइलने 1912 साली ‘लॉस्ट वर्ल्ड’ लिहिली तेव्हापासून हे प्राणी पुनःपुन्हा जिवंत केले जातात ते बहुधा आपल्यामागे धावण्यासाठी. 1993 चा ‘ज्युरासिक पार्क’ मीही नंतर मुलांबरोबर पाहिला आणि खुर्चीचे हात घट्ट धरले, हे नाकारत नाही. मेलेल्याला भयंकर ठरवले की त्याचे मरण सोयीचे होते. अपवाद मला एकच आठवतो. 1954 च्या जपानी ‘गॉडझिला’त हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी खवळून एक प्रागैतिहासिक प्राणी वर येतो आणि टोकियो उद्ध्वस्त करतो. सारे शहर त्याच्या नाशाची वाट पाहत असताना एक वृद्ध शास्त्रज्ञ एकटाच कष्टी होऊन बसतो. त्याला वाटते, याला मारू नये, समजून घ्यावे. तो लोकांच्या दुःखाला पारखा झालेला नसतो. त्याला फक्त ‘बरे झाले’ म्हणता येत नाही.

मलाही म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण भूशास्त्रात नाही.

आमच्या वडिलांचे देवळाच्या वाटेवर पूजासाहित्याचे लहानसे दुकान होते. नारळ, उदबत्ती, दूर्वा यांच्या विक्रीतून एका मुलाला पुण्याला कॉलेजात धाडता येईल एवढेच शिलकीत पडे, आणि तो मुलगा म्हणजे दादा, हे ठरलेले होते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, हुशार. 1962 च्या पावसाळ्यात तो विषमज्वराने गेला. मी तेरा वर्षांचा होतो. चार वर्षांनी त्याच्यासाठी ठेवलेल्या पैशांवर आणि आईच्या मोडलेल्या पाटल्यांवर मी पुण्याला गेलो. माझे शिक्षण, नोकरी, संसार, ही नातवंडे, सगळे त्या वाटेने आले. मी निघालो तेव्हा एक आप्त वडिलांचे सांत्वन करताना म्हणाले, ‘‘देवाची काहीतरी योजना असते हो. एक गेला, पण दुसऱ्याचं नशीब उघडलं.’’ वडील काही बोलले नाहीत. त्यांनी माझी वळकटी उचलली आणि एस्टीच्या टपावर स्वतः चढवली.

त्या वाक्याशी मी आयुष्यभर भांडत आलो आहे. दादा परत येत असेल तर हे सारे देऊन टाकीन, असे तरुणपणी मी ठामपणे म्हणत असे. पुढे मुले झाली, आणि ते वाक्य पूर्ण करताना जीभ अडखळू लागली. कोणाला देऊन टाकू? अंगणात माती कालवणाऱ्या या दोघांना? तेव्हा ‘ते व्हायला नको होते’ हेही मी आता खणखणीत आवाजात म्हणू शकत नाही, ही माझी लाज आहे म्हणा किंवा कोडे म्हणा. पण त्या आप्तांच्या वाक्यातली खोट मला दिसते. दादा गेल्यामुळे मी शिकलो हे खरे. मी शिकावे म्हणून दादा गेला, हे खोटे. ‘मुळे’ आणि ‘म्हणून’ यांत एवढेच अंतर आहे, पण सगळी नीती त्या अंतरात राहते. अशनीला माणूस घडवायचा नव्हता. लाव्हाला सह्याद्री घडवायचा नव्हता. आपल्याला मिळालेला लाभ हा त्यांच्या मरणाचा हेतू ठरवायचा, म्हणजे मेलेल्याकडून त्याचे मरणसुद्धा काढून घ्यायचे.

पालीत एक रीत आहे. बल्लाळेश्वराच्या आधी मागच्या धुंडीविनायकाचे दर्शन घ्यायचे. कथा अशी की, बाळ बल्लाळ ज्या दगडाची पूजा करीत होता तो त्याच्या संतापलेल्या बापाने फेकून दिला, तोच हा. भक्ताला देव भेटला, देऊळ झाले, तरी पहिला मान फेकलेल्या दगडाचा. दादा गेल्यावर आई धुंडीविनायकापाशी जरा जास्त वेळ उभी राहू लागली, एवढे मला आठवते.

नरकचतुर्दशीला पहाटे दोघांना उठवले. अभ्यंगस्नान झाले, अंगठ्याखाली कारीट फोडायची वेळ आली, तेव्हा नातवाने विचारले, ‘‘नरकासुर डायनॉसॉर होता का?’’ मी म्हटले, नव्हता. पण मरताना त्याने श्रीकृष्णाकडे वर मागून घेतला होता की या दिवशी लोकांनी पहाटे स्नान करावे, दिवे लावावे.

‘‘म्हणजे हे दिवे त्याचे?’’

‘‘त्याचेही.’’

मग मी त्याला कालच्या प्रश्नाविषयी सांगू लागलो. म्हटले, ते सगळे मेले नाहीत. त्यांतल्या एका शाखेचे पक्षी झाले. परसातल्या शेवग्यावर बसलेला तो कावळा खरा डायनॉसॉरच्याच घराण्यातला. त्याने कावळ्याकडे बराच वेळ पाहिले. पितृपक्षात ताईने वाढलेले पान यानेच खाल्ले का, एवढेच विचारले. मी हो म्हणालो. आणि ज्यांचे कोणीच उरले नाही त्यांचे बरे झाले का, हे मला ठाऊक नाही. मला ते म्हणवत नाही, असेही म्हणालो. आठ वर्षांच्या मुलाला हे कितपत कळले कोण जाणे.

तो अंगणात गेला आणि किल्ल्याच्या बुरुजावरची एक पणती उचलून त्याने त्या रबरी प्राण्यापुढे ठेवली. ‘‘ती महाराजांची होती!’’ नात ओरडली. दोघांची ओढाताण झाली, तेल सांडले, अळिवाच्या उगवत्या कोंबांवर डाग पडला. आतून पोह्यांना हाक आली, तेव्हा वाद तसाच सोडून दोघे पळाले.