मूर्तीपुढे जोडलेले हात



एकादशीचे कीर्तन आटोपले तरी निलंग्यात मंडळी लगेच उठत नाहीत. टाळ पिशवीत ठेवता ठेवता काही विषय निघतोच. वसईला नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या एका मुलाने परवा विचारले, "महाराज, वसईच्या चर्चमध्ये मारियामातेची मूर्ती आहे. लोक हार घालतात, मेणबत्त्या लावतात. नगरला मित्राच्या चर्चमध्ये गेलो, तर तिथे नुसता क्रूस. दोघांचा येशू एकच, मग असे का?"

प्रश्न त्यांच्या घरचा, पण उत्तर शोधताना आपलेही घर दिसते. म्हणून हे लिहितो आहे.

वसईचे ख्रिस्ती बांधव बहुतेक कॅथलिक, पोर्तुगीज काळापासूनचे. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम मोठे, ते प्रोटेस्टंट. रेव्हरंड ना. वा. टिळक याच परंपरेतले. त्यांनी मूर्तिपूजा सोडली, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही.

वादाचे मूळ बायबलातील दहा आज्ञांत आहे. कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नये, असे तिथे सांगितले आहे. प्रोटेस्टंट म्हणतात, आज्ञा स्पष्ट आहे. कॅथलिक म्हणतात, देवानेच मनुष्यदेह घेतला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले, मग त्याचे रूप घडवण्यात दोष कसला? इ. स. ७८७ च्या निकिया येथील धर्मपरिषदेने निवाडा दिला, की आराधना फक्त देवाची. मूर्तीला द्यायचा तो आदर, आणि तोही जिची ती मूर्ती आहे त्या व्यक्तीला पोहोचतो. दूरदेशी असलेल्या मुलाने आईच्या फोटोला हात जोडले, तर त्याने कागदाला नमस्कार केला असे आपण म्हणतो का?

पुढे वाद हातघाईवर आला. १५२४ मध्ये झुरिकच्या चर्चमधून मूर्ती काढल्या गेल्या. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी त्या फोडल्या. मार्टिन ल्यूथर स्वतः सुधारणेचा पुढारी, पण त्याने १५२२ मध्येच अशा मोडतोडीला विरोध केला होता. आधी मनातली मूर्ती सुटली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. इकडे गोव्यात मूर्तीपुढे गुडघे टेकणाऱ्या पोर्तुगीजांनीच त्या शतकात देवळे पाडली. श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला न्यावे लागले ते तेव्हाच. मूर्ती मानल्याने किंवा न मानल्याने मनातला अहंकार आपोआप जात नाही, एवढे यावरून कळते.

आता आपल्या घरात या. नामदेवराय विठ्ठलाशी बोलत, तरी त्यांना गुरू करावा लागला. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. "जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव," म्हणाले. नामदेवरायांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंड! पण त्यानंतर त्यांनी पंढरी सोडली नाही. मूर्ती राहिली, देव फक्त मूर्तीतच आहे हा समज गेला. आजही दर्शनबारीत उभे राहणे न जमलेला वारकरी कळसाचे दर्शन घेऊन माघारी फिरतो. त्याची वारी कोणी अपुरी म्हणत नाही.

मात्र मूर्ती न मानणाऱ्यांचा एक आक्षेप आपण निमूटपणे ऐकला पाहिजे. मूर्ती हाताशी आली की माणूस तिचा मालक होऊ पाहतो. चोखोबारायांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. विटेवरच्या समचरणांशी सर्वांना जाता यावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. तोवर आत हार-तुरे, काकडा, सगळे यथासांग चालू होते. त्या पूजेला भक्ती म्हणायचे का? मी तरी हो म्हणू शकत नाही.

आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आपणच बसवलेला गणपती आपणच पाण्यात सोडला, कारण मूर्ती जाते, देव जात नाही हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीची जमीन हादरली. ढिगाऱ्याखाली देव्हारेही होते आणि माणसेही. हात आधी कुणाकडे गेले? त्या वेळी कोणी एकमेकांना मूर्तिपूजक आहेस का, असे विचारले नाही.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, "बाळा, वसईच्या मूर्तीला हात जोड आणि नगरच्या त्या साध्या क्रूसालाही. एक सांगतो, देवाला रूप आहे. दुसरा सांगतो, त्या रूपात त्याला कोंडू नकोस. वारकऱ्याला दोन्ही हवे."

माउली, उद्या पूजा झाली की देव्हाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत या. दारात जो कोणी उभा असेल, त्याच्याकडे बघताना मघाचे जोडलेले हात आठवतात का, एवढे पाहा.