कोरा कागद

भिलाईच्या नेहरू नगरात एका माणसाचं झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान होतं. हाताखाली एक पोरगा होता.

जुलैचा महिना होता. पाऊस लागून राहिला होता, आणि कॉलेज प्रवेशाच्या फॉर्मांसाठी दुकानात रीघ होती. नेमका तेव्हाच प्रिंटर अडला. दोन पानं बाहेर यायची, तिसरं आत चुरगळायचं.

दुकानदाराने अडकलेला कागद मागच्या मागे खसकन ओढला. कागद फाटला. त्याने टोनर बदलला. अडलं ते अडलंच. संगणक बंद करून चालू केला, प्रिंटरचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. दुपारपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जाऊ लागलं. त्याने पोरावर आवाज चढवला. पोरगा गप्प राहिला.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना पेन्शनचा एकच कागद छापायचा होता.

"मशीनच गेलं काका. आता नवीन घ्यावं लागते," दुकानदार म्हणाला.

"बघू तरी."

काकांनी आधी वायर काढायला लावली. आतला कागद तापवणारा भाग निवेपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. मग टोनर बाहेर काढून टॉर्च मारला. रोलरपाशी नखाएवढा कागदाचा तुकडा होता. कागद ज्या दिशेने पुढे सरकतो, त्याच दिशेने त्यांनी तो दोन बोटांनी हळूच काढला.

प्रिंटर सुरू झाला. एक पान आलं, दुसरं आलं, तिसरं पुन्हा अडलं.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. काकांनी मात्र आता यंत्राकडे पाहिलंच नाही. ट्रेमधला कोरा कागद उचलून त्यांनी गालाला लावला. मग पोराकडे वळले.

"बाळा, हा गठ्ठा कुठे होता रे?"

"दाराजवळ, आजोबा. रात्रभर उघडाच होता. काल नवीन फोडला तवा चांगला चालला. आज सकाळपासून अडकून राहिला."

"अबे, मग सांगितलं काऊन नाही?" दुकानदार म्हणाला.

"तुम्ही विचारलंच नाही, भाऊ."

काकांनी बंद पाकिटातली नवी रीम मागवली. गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून ट्रेमध्ये ठेवला आणि कडेच्या पट्ट्या कागदाला अलगद टेकवल्या. पानं एकामागून एक बाहेर येऊ लागली. ओले कागद एकमेकांना चिकटतात, आणि आतल्या गरम रोलरखाली गेले की वळतात. बिघाड एवढाच होता.

"पावसाळ्यात दल्ली-राजहराच्या खाणीतलं ओलं खनिज असंच अडायचं," काका म्हणाले. "तेव्हा कोणी भट्टी बदलत नव्हतं. यंत्र अडलं की त्याच्या पोटात काय जातंय ते आधी बघावं. आणि रोज घालतो कोण, त्याला विचारावं."

काकांचा कागद छापून झाला. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी त्याने झाकणाची एक पेटी आणली. उघडी रीम आता रात्री तिच्यात जाते. पेटीची किल्ली पोराकडे असते.