रिकाम्या खुर्चीत बसलेला सुपरहिरो

‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा सिनेमा २०२३च्या जूनमध्ये आपल्याकडे दहा भाषांत आला. त्यात मराठीही होती. सिनेमाचा सांगाडा एका ओळीत सांगता येतो : एक खलनायक एका जगातून दुसऱ्या जगात पळतोय आणि सुपरहिरो त्याच्या मागे आहेत. पण तो बघून झाल्यावर माझ्या डोक्यात पाठलाग उरला नाही. उरला एक प्रश्न. जग वाचवायचं म्हणून अमक्या माणसाचं मरण ‘ठरलेलं’ आहे, असं म्हणायचा अधिकार कुणाला असतो?

सिनेमा न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. ब्रुकलिनमधला माइल्स मोरालेस हा शाळकरी मुलगा त्याच्या जगातला स्पायडर-मॅन आहे. त्याच्यासमोर स्पॉट नावाचा एक विचित्र माणूस येतो. त्याच्या अंगावर काळी भोकं आहेत आणि त्या भोकांतून तो कुठेही जाऊ शकतो. सुरुवातीला हा गडी एटीएम चोरायला निघालेला असतो आणि तेही त्याला धड जमत नाही. माइल्स त्याला हसतो. मग स्पॉट सांगतो, की मी पूर्वी शास्त्रज्ञ होतो. तुला चावलेला कोळी माझ्याच प्रयोगामुळे दुसऱ्या जगातून आला. तू ते यंत्र फोडलंस, त्या स्फोटात माझं हे असं झालं, नोकरी गेली, घरच्यांनी तोंड फिरवलं. माइल्सला हे सगळं पोरकट वाटतं. तिथून पुढे स्पॉट खरोखर भयंकर होत जातो.

ही मांडणी आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. जय-विजयाची गोष्ट आठवा. वैकुंठाच्या दारावरचे हे दोन पहारेकरी. सनकादिक ऋषींना अडवलं म्हणून त्यांना शाप मिळतो. सात जन्म भक्त म्हणून काढायचे की तीन जन्म वैरी म्हणून, असा पर्याय समोर येतो आणि लवकर परत यायला मिळेल म्हणून ते वैर निवडतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र. देव तीन युगं ज्यांच्या मागे धावला, ती त्याच्याच दारावरची माणसं होती. भागवतातला विष्णू ऋषींपुढे हात झटकत नाही. माझ्या सेवकांनी केलेला अपराध तो माझाच, असं म्हणून तो क्षमा मागतो. माइल्सला हेच सुचत नाही. ‘तुझं हे असं झालं त्यात माझा वाटा आहे’ एवढं एक वाक्य त्या दुकानातच बोललं गेलं असतं, तर कदाचित जगं ओलांडायची वेळच आली नसती.

पण सिनेमाचा खरा पेच पुढे आहे. स्पॉटच्या मागावर असलेली ग्वेन आणि तिच्या पाठोपाठ माइल्स मुंबॅटनला पोचतात. हे मुंबई आणि मॅनहॅटन एकावर एक रचल्यासारखं शहर. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर. हे पात्र २००४च्या ‘स्पायडर-मॅन : इंडिया’ या कॉमिकमधून आलेलं. त्या कॉमिकमधला पवित्र शिष्यवृत्तीवर शिकायला गावातून मुंबईला आलेला मुलगा आहे. गावातून इंजिनिअरिंगला शहरात गेलेल्या आमच्यासारख्यांना हा स्पायडर-मॅन जवळचा वाटला नाही तरच नवल. मुंबॅटनमध्ये स्पॉट तिथल्या यंत्रातून ताकद खेचतो, मोठा स्फोट होतो, इमारती कोसळतात. त्या गोंधळात पवित्रच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरणाच्या दारात असतात. माइल्स त्यांना वाचवतो.

आणि इथे त्याच्यावर आरोप येतो, की तू चुकलास. त्या माणसानं मरायला हवं होतं.

आरोप करणारा खलनायक नाही. तो मिगेल ओहारा, सगळ्या जगांतल्या स्पायडर-मॅनांच्या संघटनेचा म्होरक्या. त्याच्याकडे असंख्य जगांची माहिती आहे. त्या माहितीतून त्याला दिसतं, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना पुन्हा पुन्हा येतात. जवळचा पोलीस अधिकारी मरतो, ही त्यातली एक. अशा घटनेला ते ‘कॅनन इव्हेंट’ म्हणतात. ती टळली की ते जगच विरून जातं, असं मिगेलचं म्हणणं. आता पाळी माइल्सच्या वडिलांची आहे. एक बाप विरुद्ध अख्खं जग, असा हिशोब. माइल्स तो नाकारून पळतो आणि खलनायकाच्या मागे असायला हवेत ते शेकडो सुपरहिरो एका पोराच्या मागे लागतात.

पहिल्यांदा बघताना मिगेलचं गणित बिनतोड वाटतं. पण मी रोज सॉफ्टवेअरमध्ये ‘हे का बंद पडलं’ याची कारणं शोधतो आणि त्या सवयीनं बघितलं तर त्याचा पुरावा फार पातळ आहे. त्याच्याकडचं मोठं उदाहरण त्याचं स्वतःचंच. एका जगात त्याच्यासारखाच एक मिगेल होता, त्याला लहान मुलगी होती. तो मिगेल मेला. आपला मिगेल तिथे गेला आणि गुपचूप त्या बापाच्या जागी राहू लागला. काही काळानं ते जग नाहीसं झालं. यातून तो निष्कर्ष काढतो, की ठरलेली घटना मोडली म्हणून जग गेलं. पण त्या जगात एक परका माणूस दुसऱ्याच्या आयुष्यात शिरला होता, हेही कारण असू शकतं ना? मुंबॅटनमध्येही तेच. इन्स्पेक्टर वाचला आणि जमिनीला भगदाड पडलं हे खरं. पण काही मिनिटं आधी तिथे एक भलंमोठं यंत्र फुटलं होतं. एकाच रात्री दोन बदल प्रॉडक्शनवर गेले आणि सर्व्हर कोसळला, तर ‘दुसऱ्या बदलामुळेच कोसळला’ असं छातीठोक सांगणाऱ्याला आमच्याकडे कुणी सीनियर म्हणणार नाही.

नेमानं घडणारी प्रत्येक गोष्ट नियम असते असं नाही, हे मला कॉलेजच्या आधी आमच्या गावच्या बाजारानं शिकवलं. माझं गाव सारंगखेडा, नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. दत्तजयंतीला इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. राज्याबाहेरूनही व्यापारी येतात. घोड्याची चाल, उंची, दात बघतात, तसे अंगावरचे केसांचे भोवरेही बघतात. गळ्यावरचा ‘देवमण’ शुभ; काही ठिकाणचा भोवरा मात्र मालकाला वाईट. आता एखाद्या चांगल्या शिंगराला असा भोवरा असला तर काय होतं, याचा विचार करा. त्याला भाव येत नाही. तो स्वस्तात जातो. स्वस्तातल्या जनावराला खुराकही तसाच आणि काम मात्र दुप्पट. चार वर्षांत ते खंगतं. मग लोक म्हणणार, बघा, भोवरा होताच! भविष्य खरं ठरलं, कारण सगळे ते खरं धरून वागले. मिगेलची संघटना हेच करते. पोलीस अधिकारी मरणार असं धरून चालते, वाचवायला जाणाऱ्याला अडवते आणि मग यादीत आणखी एक ‘कॅनन इव्हेंट’ जमा होतो.

सिनेमानं याचं उत्तरही हळूच देऊन ठेवलंय. ग्वेनचे वडील पोलीस कॅप्टन आहेत, म्हणजे त्यांचंही मरण यादीत. ते एके दिवशी नोकरीच सोडतात. कॅप्टन उरला नाही, तर कॅप्टनचं मरण कसलं? आणि त्यांचं जग विरत नाही. जो मरणार होता त्यानं स्वतः काहीतरी ठरवलं, इतकंच.

मराठीत समांतर विश्वाची गोष्ट म्हटली की जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ आठवते. ‘द ॲडव्हेंचर’ या नावानं ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली, त्यामुळे अनेकांनी ती तिथेही वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात पोचतात जिथे पानिपतावर मराठे जिंकले, कारण विश्वासरावांना लागणारी गोळी चुकली. सगळे त्या गोळीबद्दल बोलतात. मला मात्र गोष्टीतली खुर्ची महत्त्वाची वाटते. गंगाधरपंतांना एका मैदानावर सभा दिसते. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी. अध्यक्षपदाची सवय असलेले पंत जाऊन थेट तिथे बसतात आणि भाषण सुरू करतात. लोक खवळतात. कारण त्या जगानं अध्यक्षाची प्रथाच बंद केलेली असते. खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. पंतांना ती रिकामी जागा आपल्यासाठीच आहे असं वाटलं, कारण ते स्वतःच्या जगाचे नियम सोबत घेऊन आले होते.

मिगेलही असाच. एका मेलेल्या बापाची जागा त्यानं रिकामी समजली आणि जाऊन बसला. पुढे त्याहून मोठी खुर्ची त्यानं धरली : सगळ्या जगांत काय घडायला हवं हे ठरवणाऱ्याची. ती त्याला कुणी दिली नव्हती. पंतांचं बरं झालं, लोकांनी त्यांना लगेच खाली ओढलं. मिगेलला खाली ओढायला फक्त एक पंधरा वर्षांचा पोरगा आहे.

आता हे सगळं कार्टून वाटत असेल, तर आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या. उत्तरेकडे सातपुड्यापलीकडे नर्मदा आहे. सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, डोंगरातली, आदिवासींची. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे त्यातलं पहिल्या फळीतलं गाव. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९चा. जमीन बुडण्याआधी जमिनीच्या बदल्यात जमीन द्यायची, हे त्यात लिहिलेलं होतं. पुढे आंदोलन झालं, १९९३मध्ये जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बांधकामाला वाट मोकळी केली, २०१७मध्ये लोकार्पण झालं. उंची १३८.६८ मीटर. आमच्या शहादा आणि शेजारच्या तळोदा तालुक्यात विस्थापितांच्या वसाहती आहेत.

धरणाचं पाणी गुजरातच्या कोरड्या भागात पोचलं, हे खोटं नाही. तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला असेल, तर त्याची किंमत कमी लेखायचं कारण नाही. मिगेललाही जगं वाचवायचीच आहेत. त्याच्या हेतूवर मला शंका नाही. माझा प्रश्न एका शब्दाबद्दल आहे. ‘विकासासाठी कुणाला तरी त्याग करावाच लागतो’ या वाक्यातला ‘कुणाला तरी’. हे ‘कुणी तरी’ दर वेळी डोंगरातलेच कसे निघतात? दर वेळी तेच निघतात म्हणून तो निसर्गनियम वाटायला लागतो, भोवऱ्यासारखा. आणि त्याग हा शब्द तर स्वतःहून देणाऱ्याचा आहे. ज्याला विचारलंच नाही, त्याच्याकडून घेतलं त्याला त्याग कसं म्हणायचं?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात ट्रॉलीचं कोडं घालतात : रुळावर पाच माणसं, दुसऱ्या रुळावर एक, खटका तुमच्या हातात. त्यात गृहीत धरलेलं असतं की रूळ दोनच, वेळ संपलेली आणि बोलायची सोय नाही. नर्मदेकाठी वेळ होती. धरणाची उंची किती, पुनर्वसन आधी की भिंत आधी, हे प्रश्न वर्षानुवर्षं उघडे होते. मिगेलकडेही वेळ होती. माइल्सच्या वडिलांना कुणी जाऊन विचारू शकत होतं. कदाचित त्यांनी पद नाकारलं असतं. कदाचित हसून ‘होऊ दे’ म्हटलं असतं. पोलीस आहेत, धोका त्यांना नवा नाही. दोन्ही उत्तरं त्यांची असती. ‘दुसरा इलाज नाही’ हे वाक्य ज्याला किंमत मोजायची नाही त्याच्या तोंडून आलं, की मी आता आधी विचारतो : इलाज शोधला कुणी, किती दिवस आणि कुणाला सोबत घेऊन?

सिनेमाच्या शेवटी माइल्स घरी जायला निघतो आणि चुकीच्या जगात पोचतो. त्याला चावलेला कोळी मूळचा या जगाचा. तो उचलला गेला म्हणून इथे स्पायडर-मॅन झालाच नाही. शहर उद्ध्वस्त आहे, वडील आधीच गेलेत आणि या जगातला माइल्स स्वतः गुन्हेगार झालाय. खलनायकाच्या मागे जगं पालथी घालून शेवटी समोर येतो तो आपलाच चेहरा. त्याची ताकद हा इथला तोटा होता.

सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. मी पुण्यात हे ज्या लॅपटॉपवर लिहितोय, त्याच्या चार्जरमध्ये त्यातली किती वीज येते हे मोजता येत नाही. ग्रिडमध्ये सगळी एकच. पण माझ्या जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी घरावरून, शेतावरून, आजोबांच्या थडग्यावरून आलेलं पाणी त्या चक्रांतून गेलंय, एवढं नक्की. ती वीज परत करता येत नाही. पण शहाद्याकडच्या वसाहतीतला कुणी ‘आमचं हे असं का झालं’ असं विचारायला आला, तर त्याला हसायचं नाही, यादी दाखवायची नाही. खुर्ची त्याला द्यायची आणि ऐकायचं.