जीर्णोद्धार कोणासाठी?

जीर्ण वस्तू टाकून न देता ती पुन्हा उपयोगात आणणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले जाते. जीर्णोद्धार हा शब्द आपण देवालयासाठी योजतो. परंतु ज्या यंत्राने एका कुटुंबाला दोन पिढ्या अन्न दिले, त्यासही तो अनुचित ठरू नये. आपल्या अंबरपेठेत एखाद्या सुताराच्या कारखान्यात आजोबांच्या वेळचे, विजेवर चालणारे रंध्याचे यंत्र गंजत पडले असेल, आणि नातवाने ते चालते करण्याचे मनात आणले, तर तो संकल्प स्तुत्यच होय. मात्र त्याबरोबर एक नैतिक प्रश्न उभा राहतो : यंत्र पूर्वी होते तसेच करावयाचे काय?

यंत्राची रचना पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य कळणार नाही. या यंत्रात बिडाचे दोन पाट असून त्यांच्यामध्ये पाती बसविलेला ठोकळा अतिशय वेगाने फिरतो. सुतार त्यावरून फळी हाताने पुढे सरकवितो. पूर्वीच्या यंत्रांत हा ठोकळा चौकोनी असे. त्याच्या सपाट बाजूंमुळे पाटाशेजारी मोठी पोकळी राही. घसरलेला हात तीत खोल ओढला जाई आणि बोटे तुटत. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल ठोकळा प्रचारात आला. त्यात ही पोकळी थोडी राहते. अपघात टळतोच असे नव्हे. पण इजा कमी होते.

कोणी म्हणेल, मूळ अंग बदलले तर तो जीर्णोद्धार कसला? या आक्षेपात तथ्य आहे. जुन्या यंत्रांच्या बेअरिंगांत कथील, अँटिमनी व तांबे यांचा पांढरा धातू ओतलेला असे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये ही युक्ती काढली. आज गोळ्यांची बेअरिंगे सहज मिळत असताही कोणी तो धातू पुन्हा ओतून घेतला, तर ते श्रम व्यर्थ नव्हेत. पूर्वजांच्या कारागिरीचा तो सन्मानच आहे. तेथे फार तर मालकाचा वेळ व पैसा खर्ची पडतो. चौकोनी ठोकळ्याची गोष्ट वेगळी. तेथे पणाला लागतो तो हात.

‘यंत्र माझे आणि हातही माझा’ असेही म्हणता येईल. परंतु कारखान्यात मालक एकटा नसतो. काम शिकावयास आलेल्या मुलाने ते यंत्र निवडलेले नसते, आणि ‘नाही’ म्हणण्याची त्याची परिस्थितीही नसते. धोकादायक यंत्रांस आवरण असावे असा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमाने २१ व्या कलमात घातला, तो अशाच हातांसाठी. म्हणून गोल ठोकळा बसवावा, पट्ट्यावर व पात्यांवर आवरण घालावे, आणि वीज जाऊन परत आली असता यंत्र आपोआप सुरू होणार नाही अशी कळ लावावी. असे करणे म्हणजे यंत्राशी प्रतारणा नव्हे. ते ज्या कामासाठी घडविले गेले, त्या कामाशी ती निष्ठा आहे.

भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही. त्यात तिचा अनादर नसतो. तो चौकोनी ठोकळाही भंगारात घालण्याचे कारण नाही. तो पुसून, तेल लावून फळीवर ठेवावा. खंडेनवमीस यंत्राबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहावे. ते वाहणाऱ्या हाताची पाचही बोटे शाबूत असावीत, एवढेच.