उरलेल्या गोळ्या

हिवाळा सुरू झाला की ऊर्जानगरच्या वसाहतीत घराघरांतून खोकल्याचे आवाज येऊ लागतात. रविवारच्या मिस्सेनंतर कोणीतरी आपुलकीने म्हणतो, "फादर, घसा बसलाय वाटतं? माझ्याकडे मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या आहेत." गतवर्षी अशा चार गोळ्या मला मिळाल्या. दोन घेतल्या, बरे वाटले. दोन कपाटात राहिल्या. सर्दी आपोआप बरी होणार हे मला ठाऊक होते, तरीही मी त्या घेतल्या. हा प्रमाद केवळ आरोग्याचा, की नीतीचाही?

१९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात एक कल्पित गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलीन आणून अपुऱ्या मात्रेत घेतो. घशातील जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. ते त्याच्या पत्नीकडे जातात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलीन निष्प्रभ ठरते आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंग यांनी बोट त्या गृहस्थाकडे दाखवले.

सर्दी विषाणूंमुळे होते व त्यांच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. मात्र आपल्या शरीरात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जिवाणूंवर त्यांचा मारा होतोच. त्यातून जे टिकतात ते वाढतात आणि हातांवाटे, पाण्यावाटे इतरांपर्यंत पोहोचतात. रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम घेणाऱ्यापुरता असतो. प्रतिजैविक घेणारा मात्र सर्वांच्या सामाईक ठेवीतून खर्च करीत असतो.

"मग औषध द्यायचेच नाही काय?" असे एखादी माता विचारील. तिची भीती खोटी नाही. तिला उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मिळते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील सुईणींना व गावच्या आरोग्यसेवकांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून को-ट्रायमोक्साझोल हे स्वस्त प्रतिजैविक देण्यास शिकवले. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ही सेवा मिळालेल्या ५८ गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या ४४ गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. त्या बालकांना हे औषध म्हणजे प्राणच होते.

अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे साधन तयार करण्यात आले होते. जपमाळेचे मणी बोटांत घोळवणाऱ्या आपल्याला ते चित्र सहज कळावे. श्वास जलद असेल तर औषध. नुसता खोकला असेल तर नाही. देणे आणि न देणे ही दोन्ही कर्तव्ये तिने एकाच मोजणीतून पार पाडली. ज्याला हवे त्याच्यापर्यंत औषध न पोहोचणे आणि ज्याला नको त्याने ते घेणे, हे दोन्ही अन्यायच आहेत. कारण दोन्हींत शेजाऱ्याचे बालक विसरले जाते.

म्हणून वेष्टनावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय मागू नये. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस ते घ्यावे. उरलेल्या गोळ्या प्रेमानेही कोणास देऊ नयेत. पण लहान मूल धापा टाकू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक होणे, ही धोक्याची खूण आहे.

पुढच्या हिवाळ्यात कोणी गोळ्या पुढे केल्या, तर त्याचे आभार मानून मी गरम पाणी मागणार आहे.