मेजावरील दोन तलवारी



1999 साली दिल्लीतील एका उपाहारगृहात मद्य देण्यास नकार दिला, म्हणून जेसिका लाल हिला गोळी घालण्यात आली. पिस्तूल जवळ नसते, तर भांडण शब्दांवर थांबले असते. आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेवरील उमर्टीचे गावठी कट्टेही पोलिसांनी अनेकदा पकडले आहेत.

“संरक्षणासाठी जवळ असलेले बरे,” असे कोणी म्हणेल. शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांपाशीही दोन तलवारी होत्या. त्याच रात्री पेत्राने एका दासाचा कान कापला. प्रभूने तो बरा केला. पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली.

गेलेला जीव आपल्याला परत आणता येत नाही. म्हणून ढाब्यावर, वरातीत, मित्रांच्या बैठकीत आपण निःशस्त्रच जाऊ या. आपल्या तरुण मुलांनाही हेच शिकवू या.